बाविसाव्या पोटावरची रेघ

३ नोव्हेंबर

चि. भिंगरीस, मावशीचे अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच, मग खुशाली.

"प्राण्यांना धरणाऱ्या हातांनो! होय, तुम्हालाच म्हणते. निवाऱ्यातल्या पिंजऱ्यापिंजऱ्यातून हिंडणाऱ्या, लस टोचणाऱ्या, रक्त काढणाऱ्या, भूल देणाऱ्या आणि भुलीतून जागं होणाऱ्या जिवाशेजारी बसून राहणाऱ्या टेक्निशियन मंडळींनो! जग आपल्याला काय म्हणतं? 'ती धरायला असते ना, ती.' शिकायचं, परीक्षा द्यायची, वर्षानुवर्षं झिजायचं, आणि शेवटी ओळख काय, तर धरणारी! जे डोळे दिवसाला साठ जनावरं न्याहाळतात, त्या डोळ्यांना कुणी विचारत नाही की बाई, तुला काय दिसलं? आपल्याला विचारलं जात नाही, हे आपलं सगळ्यांचं दुखणं आहे. आणि त्याची शिक्षा आपल्याला होत नाही. ज्यांना बोलता येत नाही त्यांना होते."

कसं वाटलं? वीस डिसेंबरला आपल्या टेक्निशियन संघाचं संमेलन आहे. साडेतीनशे जण येणार. निवृत्त झाले तरी भाषण मलाच करायला लावतात. म्हणतात, मावशी बोलल्या की मागच्या रांगेतले झोपत नाहीत. सुरुवात झाली आहे, पण नुसत्या गर्जनेनं पोट भरत नाही. मला तुझ्या टेबलावरचं एक जिवंत उदाहरण हवं. माझी उदाहरणं माझ्यासारखीच जुनी झाली.

उत्तर पत्रानंच पाठव. फोन करू नकोस. तीस वर्षं भुंकणं ऐकून माझे कान केव्हाच कामातून गेले. फोनवर तू बोलतेस, मी अंदाजानं हसते, आणि मग आठवडाभर विचार करते की आपण कशाला हसलो.

आणि तुझी आई म्हणते तू निवारा सोडायच्या विचारात आहेस. खरं का?

मावशी

*

११ नोव्हेंबर

ती. मावशीस, शि. सा. न.

भाषण मोठ्यानं वाचून पाहिलं. नवी जनावरं दाखल करून घेतो त्या भरती विभागातला म्हातारा बोका उठून दुसऱ्या कोपऱ्यात गेला. त्याला पटलं नसावं, किंवा फारच पटलं असावं.

सोडायचा विचार आहे, खरं आहे. चौकातल्या खासगी दवाखान्याचे डॉक्टर बोलावताहेत. तिथं दिवसाला आठ-दहा जनावरं. प्रत्येकाचा कुणीतरी मालक, दाराशी खुर्चीत बसलेला. आपल्याकडं काय चाललंय ते ऐक. एका बंद घरातून एकेचाळीस मांजरी आल्यात. घरमालक वारले, मांजरी वाढत गेल्या. सगळ्यांना लस, जंताचं औषध, डोळ्यांचे थेंब, आणि मग एकेकीची नसबंदी. अर्ध्या शिंकताहेत. शिंकणाऱ्यांच्या खोलीत शेवटी जायचं, हात धुऊन, कपडे बदलून, हे सगळं तुला माहीत आहेच. संध्याकाळी घरी गेले की आई म्हणते, "अंगाला कसला गं वास?" मी म्हणते, "एकेचाळीस जणींचा."

उदाहरण मागितलंस. गेल्या गुरुवारी एक करडी, लांब केसांची मांजर टेबलावर होती. रस्त्यावर सापडलेली. उघडली, तर आत गर्भाशयच नव्हतं. तिचं ऑपरेशन आधीच कधीतरी झालेलं होतं. आमच्या निवाऱ्याच्या डॉक्टरबाई शोधत राहिल्या, चीर वाढवली, वीस मिनिटं गेली. मग तिचा श्वास थांबला. खूप प्रयत्न केला, परत आला नाही.

ऑपरेशन झालेल्या मांजरीच्या पोटावर हिरव्या शाईची बारीक रेघ गोंदतात, म्हणजे पुन्हा कुणी उघडू नये. हिच्याही पोटावर होती. ती वेळेत दिसली नाही, एवढंच.

हे भाषणात घालू नकोस. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

तुझी
भिंगरी

*

१५ नोव्हेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

"दिसली नाही"! वा! कुणाला दिसली नाही? जिच्या हातात चाकू तिला! आणि जिनं स्वतःच्या हातांनी ते पोट भादरलं, ती शेजारी उभी होती, तिला विचारलं का? नाही! कशाला विचारतील? ती तर धरणारी! मी पहिल्या पत्रात जे लिहिलं तेच, तंतोतंत, तुझ्या टेबलावर घडलं. माझं रक्त उसळलंय, पोरी. सकाळपासून दोन कप चहा गार झाले.

भाषणात घालू नको म्हणतेस. का? डॉक्टरबाईंना वाईट वाटेल म्हणून? मांजरीला काय वाटलं असेल? माझ्या उमेदीच्या दिवसांत आम्ही असंच गप्प बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत म्हणत आमच्या मुठी तशाच मिटून राहिल्या. तुमच्या पिढीनं तरी उघडाव्यात.

मी गप्प बसले नाहीये. तुमच्या निवाऱ्याच्या अध्यक्षांना काल पत्र टाकलं, संघाची माजी चिटणीस म्हणून. तुझं नाव घातलं नाही. फक्त विचारलं, की तुमच्याकडं टेक्निशियनला न विचारता पोटं फाडायची पद्धत आहे काय?

दवाखान्यात जायचं तर जा. मी पायात पाय घालणार नाही. पण एक सांगते. दवाखान्यात एका वेळी एका जिवावर इलाज होतो. निवाऱ्यात एकीला शिंक आली की दोनशे जिवांचा विचार करावा लागतो, कोणती खोली आधी झाडायची इथपासून. ती विद्या फार थोड्यांना येते. तुला येते. खुर्चीत बसलेला मालक नसतो म्हणून तर तिथं आपली गरज असते.

मावशी

*

२२ नोव्हेंबर

मावशी, हे काय करून बसलीस?

अध्यक्ष तुझं पत्र हातात घेऊनच आले. डॉक्टरबाईंना ऑपरेशनं करायला मनाई केलीय. नऊ डिसेंबरला चौकशी आहे. एकेचाळीसपैकी वीस मांजरी तशाच राहिल्यात, आणि त्यांतल्या दोघी गाभण असल्याचं परवा कळलं.

डॉक्टरबाई वाईट नाहीत. तुला कसं सांगू? दुपारी त्या पिंजऱ्यांपुढं बसून नुसतं औषध भरून देतात आणि मला म्हणतात, "तुझा डबा खाल्लास का?"

आणखी एक झालं. त्या करड्या मांजरीचा माणूस आला. एक म्हातारे शिंपी, एकटेच राहतात. आठ दिवस रुग्णालयात होते, तेवढ्यात ती खिडकीतून निघाली आणि यांना शोधत फिरत राहिली असावी. हातात तिचा फोटो, आणि घडी घालून जपलेला जुन्या ऑपरेशनचा कागद. म्हणाले, "कातरणांच्या टोपलीत झोपायची. एवढी कातरणं, पण कधी नख लावलं नाही." मग मला विचारलं, "तिनं तुम्हाला त्रास तर नाही ना दिला? परका हात तिला चालत नसे." मी म्हटलं, नाही दिला. खरंच नव्हता दिला. इंजेक्शन देताना तिनं डोकं माझ्या कोपरात खुपसलं होतं.

मी दवाखान्याला होकार कळवलाय. पंधरा डिसेंबरपासून जाईन.

भाषणात हे घालू नकोस. हात जोडते.

भिंगरी

*

२६ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

तुला कुणी दम दिलाय का? खरं सांग. माणूस असा पत्रात हात जोडतो तेव्हा त्याच्या मागं कुणीतरी उभं असतं. अध्यक्ष? की डॉक्टरबाईच? दम दिला असेल तर मी पुढच्या गाडीनं येते, आणि माझे कान गेलेत, तोंड नाही, हे त्यांना दाखवते.

पण एका गोष्टीत माझं घोडं अडलंय. भाषण लिहायला बसले, तर ती जागा नीट लिहिताच येईना. टेबल डोळ्यांपुढं आणलं. मांजर आडवी, भूल चढलेली, पोट भादरलेलं. आमच्या वेळी पोटावर आयोडीनचं तपकिरी औषध लावायच्या आधी रेघ पाहायची पद्धत होती, कारण औषध लागल्यावर देवालाही दिसत नाही. डॉक्टर तर हात धुऊन नंतर येतात.

मग भिंगरे, ते औषध कुणी लावलं?

मावशी

*

३० नोव्हेंबर

मावशी,

औषध मी लावलं.

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर पुन्हा गाळगूळ होईल. त्या दिवशी सव्वीस मांजरी होत्या आणि टेक्निशियन मी एकटी. ही बाविसावी. नियम तुला माझ्याहून जास्त पाठ आहे. भादरल्यावर दिवा खाली ओढायचा, पोटाची कातडी दोन बोटांनी ताणायची, रेघ आहे का पाहायचं, मगच औषधाची बाटली उचलायची. ते फक्त टेक्निशियनच पाहू शकते. डॉक्टर येईपर्यंत पोट चहाच्या रंगाचं झालेलं असतं.

आधीच्या एकवीस जणींचं मी पाहिलं होतं. एकीलाही रेघ नव्हती. कुठून असणार? बंद घरातल्या त्या, त्यांना कोण कधी दवाखान्यात नेणार होतं? बाविसावी त्यांच्यातली नव्हतीच. यादीत एक जागा रिकामी होती म्हणून घातलेली. ते मला माहीत होतं, पण माझ्या हातांना माहीत नव्हतं. ते एकविसांच्या तालावर चालले होते. भादरलं, पुसलं, औषध लावलं.

आणि डॉक्टरबाईंनी विचारलं, मावशी. त्या प्रत्येक वेळी विचारतात. हात धुऊन वर धरलेले, मास्कमागून, दारातून आत येतानाच: "रेघ?"

मी म्हटलं, "नाही."

मी पाहिलं नव्हतं. आणि पाहिलं नाहीये हे मला त्या क्षणी ठाऊक होतं. विसरले असते तर गोष्ट वेगळी. थांबा म्हटलं असतं तर औषध पुसावं लागलं असतं, पुन्हा धुवावं लागलं असतं, पाच मिनिटं गेली असती. लाज वाटली. एकवीस वेळा "नाही" खरं ठरलंय, मग बाविसाव्यांदा का नाही ठरणार, असं काहीतरी मनात आलं. आलं तरी का, तेही आता सांगता येत नाही. तोंडातून शब्द गेला होता.

श्वास थांबल्यावर हवेचा फुगा मीच दाबत होते. अर्धा तास. डॉक्टरबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला तेव्हा थांबले.

नंतर तिचं अंग स्वच्छ केलं. स्पिरिटनं पोट पुसलं, आणि तपकिरी रंगाखालून ती वर आली. तांदळाच्या दाण्याएवढी, हिरवी, सरळ. आमच्या चिरेच्या अगदी कडेला. कुणीतरी, कधीतरी, आपलं काम नीट केलं होतं.

डॉक्टरबाई माझ्या मागं उभ्या होत्या. त्यांनीही पाहिली. त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही. अध्यक्षांनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "चाकू माझ्या हातात होता." बस्, एवढंच.

तू लिहिलंस की आपल्याला कुणी विचारत नाही. मला विचारलं होतं, मावशी.

पंधरा तारखेला मी निघून जाईन आणि कुणाला काही कळणार नाही. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात. मी तीन आठवडे तेच करतेय. दुधाला चव लागत नाही.

भिंगरी

*

३ डिसेंबर

चि. भिंगरी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला. दुसऱ्यांदा माझा आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

तू लिहिलं होतंस, "दिसली नाही". त्यात कुणाला, हे नव्हतं. ती रिकामी जागा मीच भरली, माझ्या मनातल्या जुन्या वैऱ्यानं. मला भाषणासाठी एक दुष्ट माणूस हवा होता, आणि समोर आली ती बाई कोण, कशी, न पाहता तिच्या अंगावर धावून गेले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. घरभर पुस्तकं रचून ठेवणाऱ्या बाईला भाचीचं एका पानाचं पत्र धड वाचता आलं नाही! माझ्या त्या पत्रानं वीस मांजरी खोळंबल्या. ते पाप माझं. तुझ्यात मिसळू नकोस.

अध्यक्षांना आजच दुसरं पत्र टाकलंय. पहिलं पत्र मी माहिती नसताना लिहिलं, ते मागं घेते आणि डॉक्टरांची माफी मागते. त्यात तुझ्याबद्दल अक्षरही नाही. ते सांगायचं काम माझं नव्हे.

आता ऐक. झालं गेलं विसर, असं मी लिहिणार नाही. एक जीव गेला, आणि तो तुझ्या "नाही"नं गेला. दिवसाला सव्वीस जनावरं एका टेक्निशियनच्या हाताखालून काढायची, ही पद्धतच खुनी आहे. तिच्याशी मी भांडणार, शेवटचा दात पडेपर्यंत भांडणार. पण ते भांडण मला तुझ्या खोट्यावर उभं राहून करता येणार नाही. जमीनच खचेल. आपली बाजू खरी आहे म्हणून आपल्याला खोटं बोलायची सवलत मिळते, असं मानणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. त्यांची बाजूसुद्धा शेवटी खरी राहिली नाही.

नऊ तारखेला चौकशीच्या खोलीत जा. आधी शिंप्यांना सांग, मग अध्यक्षांना. अध्यक्षांना अहवाल हवाय, शिंप्यांना उत्तर हवंय.

जाण्याआधी दोन घास खा. उपाशी पोटी खरं बोलायला गेलेली माणसं रडतात, आणि रडू आलं की ऐकणारे ऐकायचं सोडून पाणी आणायला धावतात.

तुझीच,
मावशी

*

११ डिसेंबर

ती. मावशीस,

दोन घास खाल्ले होते. रडले नाही. निदान बोलून होईपर्यंत.

चौकशी खाद्याच्या कोठारात होती, कारण तेवढीच मोठी खोली. पोत्यांना टेकून खुर्च्या. अध्यक्ष, दोन सभासद, डॉक्टरबाई, आणि कोपऱ्यात शिंपीकाका, टोपी मांडीवर घेऊन. मी आत गेले तर अध्यक्ष म्हणाले, "तुम्हाला बोलावलेलं नाही."

"माहीत आहे. तरी आलेय."

डॉक्टरबाई एकदम म्हणाल्या, "तू जा गं. बाहेर मांजरी एकट्या आहेत."

मी शिंपीकाकांकडं तोंड केलं आणि सांगितलं. तुला लिहिलं तसंच, क्रमानं. पलीकडं एक कुत्रा सारखा भुंकत होता.

शिंपीकाका टोपीची कड बोटांनी चाचपत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्यांनी विचारलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही न बघता सांगितलंत."

"हो."

"मी एकदा खडूची खूण न बघता कात्री चालवली होती. ऐन घाईच्या दिवसांत. कोटाचं उंची कापड. गिऱ्हाइकाला सांगितलं, तुम्हीच कापड कमी आणलंत." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "पण ते कापड होतं, बाई."

उठताना ते म्हणाले, "माफ केलं असं म्हणणार नाही. ते मनातून येईल तेव्हा येईल. पण रोज सकाळी उठून, काय झालं असेल, याचा विचार करत होतो. तो आता करावा लागणार नाही." दारापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी चालू दिलं.

निकाल सांगते. डॉक्टरबाई सोमवारपासून पुन्हा ऑपरेशनं करताहेत. मला फेब्रुवारीअखेरपर्यंत टेबलावरून काढलंय, भरती विभागात बसायचं. आणि आकड्यावरून तिथंच डॉक्टरबाई आणि अध्यक्ष यांची जुंपली. "दिवसाला सव्वीस नाही, पंधरा," त्या म्हणाल्या. अध्यक्ष म्हणाले बावीस. त्या म्हणाल्या, "बाविसावीचं काय झालं ते आत्ताच ऐकलंत ना?" शेवटी अठरावर सौदा ठरला. तू असतीस तर सोळावर आणला असतास.

नंतर पॅसेजमध्ये मी त्यांना विचारलं, "मॅडम, तुम्ही का नाही सांगितलंत?"

"मोठेपणा वगैरे काही नव्हता," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांत चार जणी सोडून गेल्या. शिकवायचं, हात तयार व्हायचा, की चालल्या. पाचवीला मी स्वतः कशी घालवू? आणि खरं सांगू? मलाही वाटलं, गप्प बसलं की मिटेल." मग रागावल्यासारख्या म्हणाल्या, "आता तू तरी सांगून टाक, पंधराला जातेयस की नाही?"

त्याचं असं झालं, की काल मी दवाखान्यात जाऊन आले. नोकरी धरण्याआधी त्यांनाही सांगावंसं वाटलं. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. फार सज्जन आहेत. म्हणाले, "तू निश्चिंत ये. इथं सगळं मी स्वतः बघतो. तू फक्त धरायचंस. तुला कुणी काही विचारणार नाही."

मावशी, त्यांनी ते मला धीर द्यायला म्हटलं. मी चपला घातल्या आणि पायरीवर उभी राहिले. मला वाटलं होतं, हे ऐकून सुटल्यासारखं वाटेल.

नाही जात आहे मी.

गोष्ट भाषणात घाल. नाव घालू नकोस. लाज वाटते म्हणून नव्हे. ऐकताना प्रत्येकीला वाटलं पाहिजे की ही शेजारी बसली आहे तीच असेल.

भिंगरी

*

१६ डिसेंबर

चि. भिंगरीस अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईला मी काही कळवलेलं नाही. तुझं तू सांग, तिला जेवण झाल्यावर सांग. अठरावर मी समाधानी नाही. अध्यक्षांना तिसरं पत्र जाणार आहे, पण या वेळी आधी डॉक्टरबाईंना वाचायला पाठवीन. त्या म्हणतील ते खोडीन. हे वाक्य लिहिताना माझा हात किती कुरकुरला ते तुला कळणार नाही.

भाषणाची जुनी सुरुवात काढून टाकली. चांगली होती, जीव तुटला. पण अर्धीच खरी होती. आता वीस तारखेला हे बोलणार आहे:

"मंडळी, एका डॉक्टरनं आपल्यातल्या एकीला विचारलं नाही, अशी गोष्ट मी सांगणार होते. ती खोटी निघाली. खरी गोष्ट अशी, की डॉक्टरनं विचारलं, आणि आपल्यातल्या एकीनं न पाहता उत्तर दिलं. एक मांजर गेली. एका म्हाताऱ्या माणसाच्या घरातली कातरणांची टोपली रिकामी झाली. ती टेक्निशियन नंतर पाच माणसांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, मी पाहिलं नव्हतं. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

तिला बोल लावायला हात उचलण्याआधी जरा थांबा. मीही न पाहता 'नाही' म्हटलेलं आहे. किती वेळा, ते सांगू शकत नाही, कारण माझी जनावरं जगली आणि मला माझ्या चुका कधी कळल्याच नाहीत. मी नशिबानं चांगली टेक्निशियन ठरले. असं नशीब या सभागृहात किती जणांच्या वाट्याला आलंय, ते ज्याचं त्यानं मनात मोजावं.

आपण मान मागतो. मागायलाच हवा! एका हाताखालून दिवसाला सव्वीस जीव काढले जातात, त्याविरुद्ध ओरडायलाच हवं, आणि या व्यासपीठावरून मी घसा बसेपर्यंत ओरडेन. आपल्या मुली तीन-तीन वर्षांत हे काम सोडून जातात, ती शरम त्यांची नाही, आपल्याला राबवणाऱ्यांची आहे. पण मान म्हणजे हार-तुरे नव्हेत. आपण एक शब्द उच्चारावा आणि त्या शब्दावर विसंबून दुसऱ्यानं चाकू चालवावा, याहून मोठा मान जगात कुणी कुणाला देऊ शकत नाही. तो मान त्या डॉक्टरनं आपल्याला दिला होता. घाईत, शरमेपोटी, पाच मिनिटं वाचवण्यासाठी आपण तो हातातून निसटू दिला.

जो आपल्याला थांबू देत नाही, त्याच्याशी आपण भांडू. पण थांबायचं आहे हे आधी आपल्या तोंडून निघालं पाहिजे. ते कुठल्या ठरावात मिळत नाही, कुठल्या अध्यक्षाच्या सहीनं मिळत नाही. ते टेबलाशी उभ्या असलेल्या एकट्या माणसाच्या घशातून यावं लागतं.

म्हणून आज मी तुमच्याकडं एकच गोष्ट मागते. उद्या सकाळी कामावर गेल्यावर कुणी तुम्हाला विचारेल, 'पाहिलंस?' आणि तुम्ही पाहिलेलं नसेल. तेव्हा औषध लागलेलं असो, डॉक्टर दारात खोळंबलेले असोत, पिंजऱ्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली असो, ताठ उभे राहा आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा: 'थांबा. मी पाहिलेलं नाही.'"